परमुलखातील पेरणी

पावसाळा मध्यावर आला, म्हणजे नाशिक जिल्ह्यातील येवला, मालेगाव, बागलाण या भागांत मक्याची शेते पुरुषभर उंच होतात. ताटांच्या शेंड्यांवर तुरे डोलू लागतात आणि पानांच्या बेचक्यांतून कोवळी कणसे डोकावू लागतात. आज येथील शेतकऱ्याला मका अगदी घरचा वाटतो. परंतु हे पीक मूळचे इकडचे नव्हे. त्याचे माहेर साता समुद्रांपलीकडे, मेक्सिको या देशात आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी तेओसिंते नावाच्या एका रानगवताचे चांगले चांगले बी निवडून पेरण्यास आरंभ केला आणि अशी निवड पिढ्यान् पिढ्या करीत मका हे धान्य घडविले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील दर्यावर्दी अमेरिका खंडात पोचले आणि पुढे त्यांच्या गलबतांतून मका जगभर पसरला.

ज्या देशाने जगाला मका दिला, त्याच देशाच्या शेतकी विद्यालयात पिकांचे शास्त्र शिकविणारे एक प्राध्यापक मराठी होते. आयुष्यातील सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी त्या दूरच्या भूमीत वेचली. तेथील एका थोर चित्रकाराने त्यांची आकृती सरकारी वाड्याच्या भिंतीवर रंगविली. इतका मान मिळूनही एक शल्य त्यांच्या मनात कायम राहिले. ज्या देशासाठी ही विद्या मिळविली, त्या देशाचे दारच त्यांना बंद झाले होते. या शास्त्रज्ञाचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

पांडुरंगरावांचा जन्म १८८० नंतरच्या दशकात विदर्भातील वर्धा येथे झाला. त्यांचे आरंभीचे शिक्षण वर्ध्यास व पुढील शिक्षण नागपुरास झाले. त्यांचे बालपण मोठ्या हलाखीच्या काळात गेले. १८९६-९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून मेली आणि धान्य पिकविणारा शेतकरीच मूठभर धान्यासाठी दारोदार हिंडू लागला. इंग्रज सरकार सारा वसूल करण्यात जेवढे तत्पर होते, तेवढे अन्न पुरविण्यात नव्हते. देश परतंत्र आहे आणि देशातील शेतकरी उपाशी आहे, या दोन गोष्टी त्या कोवळ्या वयात पांडुरंगाच्या मनात एकमेकींशी जोडल्या गेल्या आणि पुढे त्या कधी वेगळ्या झाल्या नाहीत.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. स्वदेशी व बहिष्कार यांची चळवळ देशभर पेटली. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेले अनेक तरुण तेव्हा देशकार्यासाठी पुढे आले. त्यांत पांडुरंगराव होते. परदेशी जाऊन युद्धविद्या शिकावी, असा सल्ला त्यांना लोकमान्यांकडून मिळाला. त्यानुसार १९०६ च्या सुमारास त्यांनी घर सोडले. गाठीस पैसा थोडा आणि पुढचा मार्ग अनोळखी. जपानमार्गे प्रवास करीत ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. १९०६ च्या भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झालेले सॅन फ्रान्सिस्को शहर त्या वेळी पुन्हा उभे राहत होते.

तेथे ओळखीचे कोणी नव्हते. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करावे आणि त्या कमाईवर शिकावे, असा क्रम सुरू झाला. पांडुरंगरावांनी एका सैनिकी विद्यालयात युद्धविद्येचे शिक्षण घेतले. त्याबरोबरच त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास हाती घेतला. प्रथम कॅलिफोर्नियात आणि नंतर ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील शेतकी महाविद्यालयांत ते शिकले. एकाच विद्यार्थ्याने बंदूक आणि नांगर या दोहोंची विद्या घ्यावी, हे पाहणाऱ्यास विचित्र वाटले असेल. पण पांडुरंगरावांच्या मनात त्यांचा मेळ बसलेला होता. एका विद्येने देश स्वतंत्र करावयाचा होता, तर दुसरीने स्वतंत्र देशाच्या ताटात अन्न वाढावयाचे होते.

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेकडो भारतीय मजूर लाकडाच्या गिरण्यांतून व शेतमळ्यांतून राबत होते. त्यांपैकी बहुतेक पंजाबी होते. परक्या देशात पदोपदी होणारा अपमान त्यांना जाणवत होता आणि त्याचे मूळ आपल्या पारतंत्र्यात आहे, हेही त्यांना उमगू लागले होते. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ इत्यादी पुढाऱ्यांनी १९१३ मध्ये त्यांची संघटना उभारली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथून गदर म्हणजे बंड या नावाचे वृत्तपत्र निघू लागले आणि तेच नाव संघटनेला मिळाले. गदर पक्षाच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत खानखोजे यांची गणना होते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. इंग्रज युद्धात गुंतले आहेत, तेव्हा हीच वेळ उठाव करण्यास योग्य, असे क्रांतिकारकांस वाटले. पांडुरंगराव तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. तेथून बलुचिस्तानच्या बाजूने भारतात शिरावे, असा बेत होता. वाळवंटे तुडवीत, भटक्या टोळ्यांच्या आश्रयाने राहत त्यांनी इंग्रजांच्या फौजांशी झुंज दिली. ते जखमी झाले, पकडले गेले आणि मोठ्या शिताफीने निसटले. पण युद्धात इंग्रजांचा जय झाला आणि तो बेत फसला. पुढे ते युरोपात बर्लिन येथे पोचले. १९२१ मध्ये अन्य भारतीय क्रांतिकारकांबरोबर ते मॉस्कोलाही जाऊन आले. पण स्वदेशी परतण्याचा मार्ग कोठेच दिसेना. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. भारताच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताच तुरुंग किंवा त्याहून कठोर शिक्षा वाट्यास आली असती.

तेव्हा पांडुरंगरावांचे वय चाळिशीच्या घरात आले होते. हाती घेतलेला शस्त्राचा मार्ग खुंटला होता. घर नाही, धन नाही, देश असून नसल्यासारखा. अशा वेळी दुसरा एखादा माणूस खचून गेला असता. पण त्यांच्यापाशी त्यांची दुसरी विद्या अजून शिल्लक होती. १९२४ मध्ये ते मेक्सिकोस गेले.

मेक्सिकोची स्थिती त्या वेळी मोठी लक्षात घेण्याजोगी होती. त्या देशातील बहुतेक सुपीक जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती होती आणि गावोगावचे शेतकरी त्यांच्या मळ्यांवर वेठबिगाऱ्यांसारखे राबत होते. १९१० मध्ये तेथे क्रांती झाली. दहा वर्षे रक्तपात चालला. १९१७ च्या नव्या राज्यघटनेने गावकऱ्यांना जमिनी परत देण्याचे तत्त्व मान्य केले. तथापि जमीन मिळाली, म्हणजे पीक आपोआप येते असे नाही. नव्याने जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांपाशी चांगले बी नव्हते, अवजारे नव्हती आणि शास्त्राची माहितीही नव्हती. त्या देशाला शेती जाणणारी आणि शेतकऱ्याविषयी कळकळ असणारी माणसे हवी होती.

मेक्सिको शहराच्या पूर्वेस, टेक्सकोको गावाजवळ चापिंगो नावाचे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून ते सुमारे २,२५० मीटर उंचीवर आहे. तेथे पूर्वी एका मोठ्या जमीनदाराची वाडी होती. क्रांतीनंतर त्या वाडीत राष्ट्रीय शेतकी विद्यालय आणण्यात आले. याच विद्यालयात पांडुरंगराव अध्यापक झाले. त्यासाठी त्यांना स्पॅनिश भाषा आत्मसात करावी लागली. मातृभाषा मराठी, शिक्षण इंग्रजीतून आणि अध्यापन स्पॅनिशमधून, असा हा प्रवास होता.

त्या परक्या देशात त्यांना परकेपणा वाटू नये, अशा काही गोष्टीही होत्या. मेक्सिकोतील गावकरी मक्याचे दाणे चुन्याच्या निवळीत शिजवतात. मग ते धुऊन दगडी पाट्यावर वाटतात आणि त्या पिठाची पातळ भाकरी थापून तव्यावर भाजतात. तिला ते तोर्तिया म्हणतात. भाकरीबरोबर घेवड्याची उसळ आणि मिरचीची चटणी असते. चुन्यामुळे मक्यातील एक उपयुक्त जीवनसत्त्व शरीराला मिळते, हे शास्त्राने पुष्कळ उशिरा सांगितले. त्या देशातील गृहिणींना ती रीत फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. वऱ्हाडातील ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला हे जेवण आणि ते रांधणारी माणसे काही अगदीच अनोळखी वाटली नसतील.

चापिंगो येथे पांडुरंगरावांनी मक्याच्या नव्या जाती तयार करण्याचे काम हाती घेतले. हे काम फार चिकाटीचे असते. मक्याच्या ताटावर शेंड्याला जो तुरा येतो, त्यात पराग असतात. खाली कणसातून जे रेशमासारखे केस लोंबतात, त्यांपैकी प्रत्येक केस आतील एकेका कोवळ्या दाण्याशी जोडलेला असतो. वाऱ्याने उडालेला पराग केसावर पडला, म्हणजे तो दाणा भरतो. वारा कोठला पराग कोठे नेईल, याचा नेम नसतो. त्यामुळे एकाच कणसातील दाण्यांत निरनिराळ्या ताटांचे गुण उतरतात. हा गोंधळ टाळण्यासाठी शास्त्रज्ञ कोवळ्या कणसावर केस फुटण्यापूर्वीच कागदाची पिशवी बांधतो. ज्या ताटाचे गुण हवे असतील, त्याचा पराग वेगळा गोळा करतो. योग्य वेळी तो कणसाच्या केसांवर शिंपडून पुन्हा पिशवी बांधतो आणि प्रत्येक कणसाची नोंद वहीत करतो. दाणे तयार झाले, की ते पुढील हंगामात पेरावयाचे, उगवलेल्या शेकडो ताटांतून चांगली ताटे निवडावयाची आणि पुन्हा तोच क्रम चालू ठेवावयाचा. अशी अनेक वर्षे गेल्यावर एखादी चांगली जात हाती लागते. मधेच गारपीट झाली किंवा कीड पडली, तर काही वर्षांचे कष्ट एका दिवसात वाया जातात.

पांडुरंगरावांनी हे व्रत वर्षानुवर्षे चालविले. मका आणि त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते यांच्या संकराचेही प्रयोग त्यांनी केले. रानटी वनस्पती दाण्याने बारीक असते. परंतु ऊन, वारा, कीड यांना तोंड देण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी असते. ते सामर्थ्य लागवडीच्या पिकात उतरविता येईल काय, याचा शोध घेणे मोठे महत्त्वाचे होते. त्यांनी आपले संशोधन पुस्तकरूपानेही प्रसिद्ध केले. मूळच्या इटलीच्या तिना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकार त्या काळी मेक्सिकोत राहत होत्या. त्यांनी पांडुरंगरावांच्या कणसांची आणि रोपांची छायाचित्रे काढली. त्यामुळे ते प्रयोग पुढील पिढ्यांस डोळ्यांनी पाहता आले.

परंतु प्रयोगशाळेतील यशाने त्यांचे समाधान होईना. विद्यालयातील ज्ञान कुंपणाच्या आतच राहिले, तर बाहेरच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? क्रांतीत लढलेला आणि जमीन मिळविलेला शेतकरी वयाने प्रौढ होता. त्याला अक्षरओळख नव्हती आणि घरदार सोडून विद्यालयात येणे त्याला परवडणारे नव्हते. तेव्हा विद्यालयानेच त्याच्या गावी गेले पाहिजे, असे पांडुरंगरावांनी ठरविले. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी मुक्त शेतकी शाळा उभारण्यास आरंभ केला. या शाळा गावकऱ्यांसाठी होत्या आणि तेथे शिकण्यास पैसे पडत नसत. बी कसे निवडावे, जमिनीचा कस कसा राखावा, रोग कसा ओळखावा, या गोष्टी शेतकरी तेथे शिकत. दुष्काळात दारोदार फिरणारे आपल्या प्रांतातील शेतकरी ज्याने लहानपणी पाहिले होते, तो आता दुसऱ्या देशातील शेतकऱ्यांच्या पंगतीस बसून त्यांना दाणा निवडावयास शिकवीत होता.

या कार्यास ज्यांनी मनापासून पाठिंबा दिला, त्यांत दिएगो रिव्हेरा हे चित्रकार प्रमुख होते. भिंतीवरील ओल्या गिलाव्यावर भव्य चित्रे रंगविण्याच्या कलेत त्यांचा हातखंडा होता. चापिंगो येथील विद्यालयाच्या जुन्या प्रार्थनामंदिरातही त्यांनी अशी चित्रे काढली आहेत. १९२८ च्या सुमारास मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर त्यांनी जी चित्रे रंगविली, त्यांतील एका चित्रात सर्व थरांतील माणसे एका मेजाभोवती जमलेली दिसतात. मागे फळांची टोपली डोक्यावर घेतलेली एक स्त्री उभी आहे. मेजाच्या अग्रस्थानी बसून सर्वांना भाकर मोडून देणाऱ्या पुरुषाचा चेहरा पांडुरंग खानखोजे यांचा आहे. त्या देशाने राजे व सेनापती यांच्याऐवजी एका परदेशी शेतकी अध्यापकाला भाकर वाटण्याचा मान दिला, ही गोष्ट लहान नव्हे. तो चेहरा आजही त्या भिंतीवर आहे.

१९३६ मध्ये पांडुरंगरावांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. त्यांनी मुलींची नावे सावित्री व माया अशी ठेवली. भारतापासून हजारो कोस दूर वाढणाऱ्या त्या मुलींच्या नावांतून पित्याची मायदेशाची ओढ प्रकट होत होती. वर्षे उलटत होती. वर्ध्याच्या घरातील माणसे एकेक करून काळाच्या पडद्याआड जात होती. मेक्सिकोच्या शेतात कणसे भरत होती. पण ज्या शेतांसाठी हे शास्त्र ते शिकले, त्या वऱ्हाडच्या काळ्या मातीत एक ओंजळ बी पेरण्याचीही त्यांना मुभा नव्हती.

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला आणि पांडुरंगरावांच्या मनात आशा पालवली. १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेतीसंबंधी सल्ला देण्यासाठी त्यांना बोलाविले. सुमारे चार तपांच्या वियोगानंतर ते स्वदेशी आले. पण विमानतळावर एक विलक्षण प्रकार घडला. इंग्रज गेले होते, तरी त्यांच्या काळातील याद्या अजून कचेरीत तशाच होत्या. त्या काळ्या यादीत खानखोजे यांचे नाव सापडले आणि अधिकाऱ्यांनी त्यांना अडविले. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी घर सोडले, त्या स्वतंत्र देशाच्या उंबरठ्यावरच त्यांना थांबावे लागले. अखेर उलगडा झाला आणि ते नागपुरास पोचले.

त्यानंतर ते काही काळ पुन्हा मेक्सिकोस गेले आणि पुढे नागपुरास कायमचे राहावयास आले. तोपर्यंत त्यांचे वय सत्तरीला टेकले होते. तारुण्याची आणि भर उमेदीची वर्षे परमुलखात खर्ची पडली होती. ज्या पिढीबरोबर ते घराबाहेर पडले, ती पिढी बहुतेक निघून गेली होती आणि नव्या पिढीला त्यांचे नावही फारसे ठाऊक नव्हते. या गोष्टीचे दुःख त्यांना झाले नसेल, असे कसे म्हणावे? पण ज्या भूमीत जन्म घेतला, त्याच भूमीत देह ठेवण्याची त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास एक योगायोगाची घटना घडत होती. १९६५-६६ मध्ये भारतात पुन्हा मोठी अन्नटंचाई झाली, तेव्हा १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. बुटक्या ताटाची व भरघोस उताऱ्याची ही जात नॉर्मन बोरलॉग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोत तयार केली होती. या गव्हाने पुढे उत्तर भारतातील शेते भरून टाकली. हे श्रेय बोरलॉग आदी शास्त्रज्ञांचे आहे; खानखोजे यांचे नव्हे. तथापि भारताचा एक पुत्र मेक्सिकोच्या शेतकऱ्याला शिकवावयास गेला होता आणि पुढे मेक्सिकोतील बी भारताच्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्ञान आणि बियाणे यांना देशांच्या सीमा अडवीत नाहीत. ती देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातात आणि कधीतरी दुसऱ्या वाटेने परत येतात.

मेक्सिकोचे लोक आपल्या या शिक्षकाला विसरले नाहीत. २०२२ मध्ये चापिंगो येथील विद्यापीठात पांडुरंग खानखोजे यांचा पुतळा उभारण्यात आला. ज्या जागी त्यांनी कणसांना कागदाच्या पिशव्या बांधल्या आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून शिकविले, तेथे आता त्यांचे स्मारक आहे.

पांडुरंगरावांच्या आयुष्यातील पहिला बेत फसला. शस्त्राच्या बळावर देश स्वतंत्र करण्याचे त्यांचे स्वप्न त्यांच्या हातून पुरे झाले नाही. पण अपयश आले म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत आणि देश दुरावला म्हणून त्यांनी शेतकऱ्याची साथ सोडली नाही. समोरची जमीन परकी आहे, या विचाराने त्यांची पेरणी कधी थांबली नाही. भूक सर्व देशांत सारखीच असते आणि चांगले बी पेरणाऱ्याचे नाव माती विचारीत नाही, हे त्यांच्या चरित्रावरून शिकावयाचे आहे. येवल्याच्या किंवा मालेगावच्या बांधावर उभे राहून मक्याचे कोवळे कणीस हाती घ्यावे आणि त्याच्या रेशमी केसांकडे नीट पाहावे. असल्याच एकेका केसाशी, एकेका दाण्यापाशी एका मराठी माणसाने दूर मेक्सिकोत आपल्या आयुष्याची पंचवीस वर्षे शांतपणे वेचली होती.